आधी मी, नंतर धाकटी

आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर वजन उतरवायचं सेंटर निघालं आणि त्याच्या काचेवर एक दिवस मीच उभी दिसले. डावीकडे 'आधी': चुलतभावाच्या लग्नातली मी, गाल फुगलेले, तोंडात घास. उजवीकडे 'नंतर': तीच बाई म्हणे, पावडर घेऊन बारीक झालेली. ती माझी धाकटी बहीण होती. जन्मापासून काडी. दोघींनाही आईचंच नाक आणि आईचेच डोळे, त्यामुळे एकच बाई म्हणून खपून जातो. फरक एवढाच की माझ्या भुवईवर जुना व्रण आहे. लहानपणी तिनंच मला पायरीवरून ढकललं होतं.

धाकटी त्या सेंटरमध्ये सल्लागार. त्याला काय लागतं, तर पांढरा कोट आणि गोड जीभ. कोट त्यांनी दिला, जीभ घरचीच होती. मी तावातावानं फोन केला तेव्हा म्हणाली, बारीक झालेलं कोणी फोटो द्यायला तयार नाही, थोडे दिवस राहू दे, तुला कोण ओळखतंय? बारीक झालेलं मुळात कोणी आहे का, असं विचारलं तर तिनं फोन आईच्या हातात दिला. आई म्हणाली, दोन नोकऱ्या सुटल्यावर पोरगी आत्ता कुठे टिकली आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, उगाच बोभाटा करू नकोस.

केलाही नसता. पण आमच्या काउंटरवर काकू बसतात. माझ्या इथल्या पहिल्याच दिवशी माझ्या हातून गिऱ्हाइकाची महागडी फ्रेम मोडली, तेव्हा 'माझ्या हातून पडली' असं मालकांना सांगणाऱ्या या काकू. त्यांना साखरेचा आजार. गोळ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या शेजारी. समोरचा फोटो बघून, हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणत, त्या तडक जाऊन डबा घेऊन आल्या. दोन्ही वेळचं जेवण बंद, त्याऐवजी पाण्यात ढवळलेली पावडर.

मी डबा उलटसुलट करून वाचला. 'नैसर्गिक' हे ठळक अक्षरात. आत काय आहे ते इतक्या बारीक अक्षरात, की दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या मला भिंग घ्यावं लागलं. आणि त्यातही कळण्यासारखं काही नव्हतं. पण मला सेंटरची रीतच खटकत होती. वजन उतरलं तर पावडरीची करामत, नाही उतरलं तर तुमच्या जिभेचा दोष, उतरून परत चढलं तर आणखी एक डबा. विकणारेही तेच, काट्यावर उभं करणारेही तेच. याला मी खूळ म्हणते, आणि हे खूळ माझ्या तोंडावर विकलं जात होतं.

मग एक दिवस ड्रॉवरमधल्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. गोळ्यांनी पावडर अंगी लागत नाही, असं धाकटीनं काकूंना सांगितलं होतं.

थोड्याच दिवसांत काकू बिलावरचे आकडे चुकवायला लागल्या. मी त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी अख्खा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. म्हणणारच, वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडून तोच ऐकताहेत. मी दुसरा तक्ता लावला आणि काकू गप्प झाल्या. त्यांचा नवा कोरा चष्मा कुचकामी झाला होता. साखर चढली की नंबर असा उड्या मारतो. मी सरळ सांगितलं, गोळ्या आजच सुरू करा, डॉक्टरांकडे आजच जा, नाहीतर डोळे गमावून बसाल. आणि फोटोतली ती बारीक बाई मी नाही, हेही सांगितलं.

काकू हसल्या. "तुझी बहीण म्हणालीच होती, ताई कबूल करणार नाही. दुकानात लागायच्या आधीच घेत होती, मध्येच सोडलं ना, त्याची लाज वाटते तिला."

एखाद्या सडपातळ बाईनं हेच सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मी सांगितलं की कोल्ह्याला द्राक्षं आंबट. माझं स्वतःचं शरीर माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं.

संध्याकाळी जेवताना मी धाकटीपुढे हात जोडले. फोटो राहू दे, फक्त काकूंना एकदा खरं सांग. ती म्हणाली, काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, उद्या माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, त्यांचे डोळे जातील. ती पानातला भात चिवडत बसली.

आई मला वाढता वाढता थांबली आणि अगदी मायेनं म्हणाली, "मग तूच घे की थोडे दिवस ती पावडर. तू उतरलीस की फोटो खरा होईल. कोणालाच खोटं बोलायला नको."

मी भरल्या ताटावरून उठले. मागून धाकटी म्हणाली, "बघ, झाली सुरुवात."

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी काकूंच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. भिंगं बदलत बदलत त्यांना शेवटची ओळ वाचता येईपर्यंत सोडलं नाही. मग तशाच अवतारात हाताला धरून, रस्ता ओलांडून, त्यांना त्या काचेसमोर उभं केलं. लोक वळून बघत होते.

"काकू, माझ्या भुवईवर काय आहे?"

"व्रण."

"आता ही उजवीकडची बाई नीट बघा. हिच्या भुवईवर आहे?"

काकू काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या. "नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "इथे नाही."

माझा जीव भांड्यात पडला. काकूंनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला.

"व्रणसुद्धा गेला होता की गं तुझा. आणि सोडलंस, तसा परत आला."

मी त्यांच्या नाकावरून फ्रेम काढून घेतली. काकूंनी पिशवीतून पावडरीची बाटली काढली आणि चालता चालता ती हलवायला लागल्या. रस्ता ओलांडताना त्यांना नीट दिसेना, म्हणून मीच परत त्यांचा हात धरला.