कंपनीचा इंटरकूलर

पोर्ट केंब्ला या बंदरगावात गाड्या दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत येईल त्या गिऱ्हाइकाला मी एकच धडा दिला. टर्बो गाडीत काय हवे ते बदल करा, पण काढलेले कंपनीचे मूळ पार्ट फेकू नका. खोक्यात भरा, वर गाडीचा नंबर लिहा आणि माझ्याकडे ठेवा. उद्या ठोकलीत, तर विम्याचा सर्व्हेयर यायच्या आत मी सगळं पहिल्यासारखं करून देतो. विमा कंपनीला आपणहून फोन करून सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिकडे प्रीमियम वाढणार आणि इकडे तुम्ही कपाळ बडवणार. माझ्या बाकाखाली अशी अकरा खोकी आहेत.

बारावं खोकं माझ्या मुलीचं, बिल्यानाचं. ती पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवते. तीन वर्षं जादा पाळ्या करून तिने निळी टर्बो सुबारू घेतली आणि जानेवारीत माझ्याच वर्कशॉपात तिच्यात पहिले बदल केले. समोर, नाकात, टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, जाड पाइपचा सायलेन्सर आणि इंजिनाचं ट्यूनिंग. नटबोल्ट तिने आवळले, मी नुसता शेजारी उभा राहून ओरडत होतो.

"टाटे, टर्बोचा बूस्ट किती वाढवू?" तिने विचारलं. आमच्या भाषेत बापाला टाटे म्हणतात.

"क्लच शिव्या देणार नाही इतकाच."

"क्लचचं सोड, तूच देतोयस."

हात पुसता पुसता मी विचारलं, "आणि विम्याचं काय?"

"ते मी बघितलंय," ती म्हणाली. मी डोळा मारला. पोरगी आपल्याच वळणावर गेली, असं वाटून मला फार बरं वाटलं. मार्चमध्ये ती एकदा म्हणाली की विमा महाग पडतोय. मी विमा कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि विषय संपला.

मे महिन्यात पहाटेच्या पाळीला जाताना पिक्टनच्या रस्त्यावर तिच्यासमोर कांगारू आला. गाडीचं नाक चेपलं, बिल्यानाचं मनगट मोडलं आणि कांगारू उडी मारून चालता झाला. तिला शस्त्रक्रियेसाठी दोन दिवस इस्पितळात ठेवलं. गाडी टो होऊन माझ्या अंगणात आली. सर्व्हेयर गुरुवारी येणार होता.

मी इस्पितळात जाऊन आलो, तिच्या कपाळावर हात ठेवला, गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, हिला कशाला ताप? आपण आहोत ना. मग दोन दिवस दुसऱ्या कुठल्याही गाडीला हात लावला नाही. दुमडलेला मोठा इंटरकूलर उतरवला, सायलेन्सर उतरवला, गाडीच्या कॉम्प्युटरमधलं ट्यूनिंग पुसलं आणि खोक्यातला कंपनीचा माल चढवला. कंपनीचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे तो न चेपलेला असणं शोभून दिसत होतं. काढलेलं सगळं मागे ताडपत्रीखाली ढकललं. खरं सांगतो, स्वतःवर खूश होतो मी.

सर्व्हेयर म्हणून आल्या फेनेकबाई. साठीच्या, किडकिडीत, हातात टॉर्च. मी कॉफी केली, चीज भरलेला घरचा बुरेक कापून ठेवला. त्यांनी बुरेककडे पाहिलंही नाही. गुडघ्यांवर बसून गाडीच्या नाकाच्या आत टॉर्च मारला आणि पिशवीतून एक कागद काढला.

"समोरचा इंटरकूलर कुठाय?"

"समोरचा कसला? हा काय, वर आहे की."

"मिस्टर रिस्तेव्स्की, तुमच्या मुलीने जानेवारीतच आम्हाला फोन करून सांगितलंय. इंटरकूलर, सायलेन्सर, ट्यूनिंग, सगळं. त्यासाठी वर्षाला आठशे तीस डॉलर जादा भरते ती." मग त्यांनी फोन पुढे केला. टो करणाऱ्याने रस्त्यावरच फोटो काढून विमा कंपनीला पाठवले होते. दुमडलेला इंटरकूलर त्यात स्वच्छ दिसत होता.

मी खुर्ची ओढून बसलो.

"तपासणीआधी कुणी गाडीची मांडणी बदलली, तर आम्ही क्लेम नाकारतो," त्या म्हणाल्या. "तिने बदलली?"

"ती इस्पितळात होती."

"मग कुणी?"

माझी नजर बाकाखाली गेली. हे कबूल केलं की विमा कंपनी माझ्या हातून गेलेली प्रत्येक गाडी उकरणार, हे कळत होतं. पण माहीत नाही म्हटलं, तर पोरीची तीन वर्षं पाण्यात. मी कोरा कागद मागितला आणि लिहिलं की हे मी केलं, मुलीला पत्ता नाही.

"कशासाठी, तेही लिहा."

लिहिलं, 'लपवण्यासाठी. मला वाटलं, तिने सांगितलं नसेल.' ही ओळ लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात टॅक्सीतून बिल्याना उतरली, हात प्लास्टरमध्ये. तिने गाडी पाहिली, कागद उचलला आणि उभ्या उभ्या वाचला.

"टाटे, माझं मनगट मोडलं होतं, तोंड नव्हतं मोडलं. विचारायचंस तरी!"

"तू जानेवारीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर नाताळपर्यंत टोमणे मारले असतेस."

मारले असते.

फेनेकबाईंनी ताडपत्रीखालचे पार्ट मोजले, फोटोंशी ताडून पाहिले आणि म्हणाल्या की या कागदाच्या जोरावर क्लेम पास होईल. वर्कशॉपचं मात्र वरिष्ठांना कळवावं लागेल. मग एक फॉर्म पुढे सरकवला. गाडी कुठे दुरुस्त करणार, तो रकाना रिकामा होता. मी माझं पेन बिल्यानाच्या हातात दिलं. तिने डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, शेजारच्या दापतो गावातल्या एका वर्कशॉपचं नाव लिहिलं.

"मी सगळं लिहून दिलं ना," मी म्हटलं.

"दिलंस. म्हणून तर अजून बोलतेय तुझ्याशी."

दुपारी टोचा ट्रक आला. दुमडलेला इंटरकूलर मीच उचलून सुबारूच्या डिकीत ठेवला. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्याने कागदावरचा पत्ता वाचला आणि हसला.

"घरचं वर्कशॉप सोडून दापतोला? का गं?"

बिल्याना माझ्याकडे बघत राहिली.

"इथला म्हातारा," मी म्हटलं, "न विचारता हात लावतो."