चौदा महिने आडवा

चादर धुवायची नाही.

*

ग्लिसरीन गोड असतं. दुसऱ्याच्या डोळ्यातून ओघळून आपल्या ओठांवर पडतं तेव्हाही गोडच असतं. फक्त तोवर त्यात पावडर, काजळ आणि त्या माणसाच्या नाकातलं थोडंफार मिसळलेलं असतं.

*

बंद पापण्यांखाली बुबुळं हलतात आणि कॅमेऱ्यात ते दिसतं. उपाय : आतल्या आत स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत राहायचं.

*

भाजीच्या दुकानात एक काकू : "अगंबाई, तुम्ही इथे कसे? तुम्हाला तर शुद्ध नाही!" मग जवळ येऊन, हळूच : "उठणार कधी? मला एकटीला सांगा. कुणाला बोलायची नाही."

*

उकडलेली अंडी. लसणाच्या गोळ्या. सिगारेट, आणि वरून पेपरमिंट.

*

बायको : "हल्ली घरीही तसाच झोपतोस. उताणा, दोन्ही हात पांघरुणाबाहेर. मी दचकून उठते रे. कूस तरी बदलत जा."

*

सांगतो.

मी नट आहे. रोज संध्याकाळी साडेसातला लागणाऱ्या मालिकेत मी घरचा कर्ता पुरुष आहे. म्हणजे होतो, आठ वर्षं. मग धाकट्या भावाने मला जिन्यावरून ढकललं आणि मी कोमात गेलो. त्याला चौदा महिने झाले. महिन्यातले बारा-तेरा दिवस मी सकाळी नऊला सेटवर जातो, हॉस्पिटलचा झगा चढवतो, मेकअपदादा माझ्या नाकात गोंदाने नळी चिकटवतो, आणि मी प्लायवूडच्या पलंगावर आडवा होतो. मग घरातले एकेक येतात आणि माझ्यावर वाकून रडतात.

अंडी सूनबाईची. ती डाएटवर आहे आणि दिवसाला सहा खाते. गोळ्या माझ्या बहिणीच्या, तिला रक्तदाब आहे. सिगारेट धाकट्या भावाची. माणूस तुमच्या तोंडापासून चार बोटांवर येऊन तीन मिनिटं गदगदतो तेव्हा त्याच्या पोटात काय चाललंय ते सगळं कळतं. मला मान वळवता येत नाही. मला शुद्ध नाही.

आणि चादर. पहिल्याच आठवड्यात तिच्यावर चहा सांडला आणि तो डाग क्लोजअपमध्ये आला. काल दिसलेलं आज तसंच दिसावं म्हणून आमच्याकडे वही घेऊन बसलेला एक माणूस असतो. त्याने वहीत लिहिलं : चादर धुवायची नाही, डाग जाईल. डाग गेला नाही. बाकीचं आलं. चौदा महिन्यांचा माझा घाम आला, सगळ्या कुटुंबाच्या शिंका आल्या. सुट्टीच्या आठवड्यात एक मांजर तिच्यात व्यायली. मांजर हाकलली, पिल्लं उचलली, चादर झटकली, डाग वहीशी ताडून पाहिला आणि मला आत घातलं.

मग मी जात का होतो?

चार पानांसाठी.

*

ती चार पानं लेखिकेने लिहिली होती. पोरगी तिशीच्या आतली, नखं कुरतडणारी, दर आठवड्याला सहा भाग लिहून लिहून डोळ्यांखाली काळी झालेली. मी कोमात गेलो त्याच दिवशी तिने ती पानं माझ्या हातात दिली. "काका, हे तुम्ही उठाल तेव्हाचं आहे. जपून ठेवा."

त्यात तो माणूस उठतो आणि ओरडत नाही. पलंगावर बसतो आणि एकेकाला सांगतो की मी सगळं ऐकत होतो. भावाला, बहिणीला, सुनेला. 'तुम्ही माझ्यापाशी येऊन खरं बोललात, कारण मी उत्तर देणार नव्हतो.' असली वाक्यं. साधी. एकोणीस वर्षं मालिकांमधून मी 'थांबा!' म्हटलं आहे, 'हे लग्न होऊ शकत नाही' म्हटलं आहे, एकाच धक्क्यासाठी तीनदा मान वळवली आहे, एकदा पुढून, एकदा उजवीकडून, एकदा विजेच्या कडकडाटासह. माणसासारखं बोलायला मला कुणी दिलंच नव्हतं. ही चार पानं बोलून टाकू आणि मग खुशाल मारा, असं मी ठरवलं होतं.

बायको रोज माझ्यासमोर बसून पानं धरायची. चुकलो की नुसती भुवई उचलायची.

पण कोमा लोकांना आवडला.

"उठवू रे राजा," दिग्दर्शक म्हणायचा. "घाई काय आहे? उभा होतास तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. झोपलास आणि लोकप्रिय झालास."

*

मंगळवार. मेकअपदादा गोंद लावता लावता म्हणाला, "साहेब, शुक्रवारी तुमचं आहे."

"उठायचं?"

"नाही हो. उरकायचं."

नाकात अर्धी नळी लोंबत असताना मी दिग्दर्शकाच्या खोलीत गेलो. तो सँडविच खात होता.

"मला न उठवता मारताय?"

"तुला कुणी सांगितलं?" त्याने अंगठा चाटला. "बस. चॅनेलला आता सुनेचं दुसरं लग्न हवंय. तू उठलास तर लग्न अडवशील. तुझा स्वभावच तसा आहे."

"माझा नाही. त्याचा."

"तेच ते."

"आणि चार पानं?"

"वाचली मी. चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. पण ऐकणार कोण? लोक कणीक मळता मळता बघतात आपल्याला. चार पानं!" तोंडातलं संपवून तो जरा मवाळ झाला. "हे बघ, मरताना बोट हलव. एक बोट. क्लोजअप देतो तुला."

बोटाचा क्लोजअप. मी "बरं" म्हणालो. घरी येईपर्यंत त्या 'बरं'ची चव तोंडातून गेली नाही.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. टेक चालू झाला की उठून बस आणि बोल. काय करतील? मारतील? शुक्रवारी मारतायतच."

*

शुक्रवार, सकाळचे अकरा. सूनबाई माझ्यावर वाकली. अंडी. तिचा पहिला अश्रू माझ्या कानात गेला, दुसरा नाकाशी.

मी उठून बसलो.

नळी ओढली तर गोंदाबरोबर खोट्या मिशीची अर्धी बाजू सुटली आणि ओठावर लोंबायला लागली. असू दे म्हटलं. बोलायला लागलो. सूनबाई मागे सरली, तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडेच बघत राहिली. कुणी 'कट' म्हटलं नाही. दुसऱ्या पानावर पंखा बंद झाला. तिसऱ्या पानावर बहीण आणि भाऊ, त्यांचा सीन नसताना, दारात येऊन उभे राहिले. सूनबाईचं नाक खरोखर वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. एकदा श्वास घ्यायला थांबलो तेवढंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

सहा मिनिटं. मग वर दिव्यांपाशी बसलेल्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

दिग्दर्शक आला आणि त्याने मला मिठी मारली. त्याचे डोळे ओले होते, हे मी नाकारणार नाही. "राजा," तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत असं पाहिलं नाही. आईशपथ." पाठीवर दोन थापा. "आता झोप. मरणाचा घेऊन टाकू, जेवायची वेळ होतेय."

मी झोपलो. मिशी पुन्हा चिकटवली गेली. मी मेलो.

बोटही हलवलं.

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असते. मालिकेत काहीही फुकट जात नाही. एकदा अंत्यदर्शनाच्या सीनमध्ये बहिणीला हसू फुटलं आणि आवरेना. ते दाखवलं आणि तिला वेड लागल्याचं ठरवलं, तीन आठवडे चाललं. एकदा कॅमेरा पडला तर भूकंप झाला. आणि ज्याचं काहीच करता येत नाही ते कुणाच्या तरी स्वप्नात टाकतात. एकोणीस वर्षं हे पाहिलेला मी. दुसऱ्यांना शिकवलेलं. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आपण बोललो म्हणजे आपण बोललो.

मंगळवारी तो भाग बघायला लेक आणि जावई आले. शेजारची दोन कुटुंबं खुर्च्या घेऊन आली. बायकोने चहाचं आधीच आटपून घेतलं होतं, मध्ये कप वाजू नयेत म्हणून.

पडद्याच्या कडा दुधाळ झाल्या. मी संथपणे उठून बसलो. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. वर व्हायोलिन. त्यावर सूनबाईचा आवाज, मागाहून भरलेला : "बाबा, माझ्या दुसऱ्या लग्नाला तुमचा आशीर्वाद आहे ना?" आणि मी मान हलवली. श्वास घ्यायला थांबलो होतो ना, तेव्हाची मान. मग सूनबाई दचकून जागी झाली. मी पलंगावर होतो. यंत्रावरची रेघ सरळ झाली. बोटाचा क्लोजअप कापून टाकला होता.

चाळीस सेकंद.

"किती गोड दिसलात हो!" शेजारीण म्हणाली. तिने खरंच डोळे टिपले.

"पप्पा, काय बोलत होतात पण?" लेकीने विचारलं.

"तुझ्या वडिलांची मिशी लोंबत होती," बायको म्हणाली आणि चहाचे रिकामे कप गोळा करायला लागली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

*

बुधवारी फोन.

"राजा! स्वप्न जबरदस्त चाललंय. लग्न ठरेपर्यंत दर गुरुवारी आणायचं तुला. पाठांतर नाही, काही नाही. नुसतं तोंड हलव. आकडे म्हण हवं तर."

बायको समोर उभी होती. तिच्या हातात ती चार पानं होती. ती ड्रॉवर आवरत होती आणि त्यांचं काय करायचं ते तिला विचारायचं होतं.

मला नाही म्हणायचं होतं. शब्द तोंडात आलाही होता. पण मी विचारलं, "उभ्याने की आडवं?"

"उभ्याने रे! पांढरे कपडे, मागून पंखा."

"येतो," मी म्हणालो.

बायकोने पानं माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती साडेसातला फिरायला जाते.

आता मी दर गुरुवारी सतराचा पाढा म्हणतो. मध्ये एकदा शिव्या देऊन पाहिल्या, अगदी ठेवणीतल्या, सूनबाईच्या डोळ्यांत बघून. तिने हात जोडले आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. पहिल्याच टेकला ओके.

त्या शुक्रवारी मला माइक लावलेला नव्हता. कोमातल्या माणसाला लावत नाहीत.