टेबल सोडतानाची टाळी

मार्व्हा आणि लाईल वीसेक वर्षं एका छपराखाली राहिले, पण लग्न करायचं राहूनच गेलं. लास व्हेगासात हे राहून जाणं म्हणजे हलवायाच्या घरी उपाशी निजण्यासारखं. तिथं गाडीतून न उतरताही लग्न लागतं. लाईल म्हणायचा, एवढी एकच पैज मी लावली नाही, म्हणून हरलोही नाही.

हरायची पाळी आता मार्व्हाची होती. लाईल शेवटच्या घटका मोजत होता आणि कायद्यानं त्याच्या देहावर हक्क पहिल्या बायकोच्या मुलीचा, कोरिनचा. जन्मगावी, नेब्रास्काच्या बर्फात त्याला परत जायचं नव्हतं. इथल्याच वाळूत पुरा, म्हणाला होता. आठवडाभर मार्व्हानं कोरिनला सूप करून घातलं, टोमणे गिळले. काल कुठं पोरगी विरघळली. राहू दे त्यांना इथंच, म्हणाली.

दुपारी तो गेला. नर्सनं नळ्या काढल्या. मार्व्हानं चादर सारखी केली, त्याच्या कपाळाला ओठ लावले, उठली आणि टाळी वाजवली. मग दोन्ही तळवे उलटसुलट करून छताला दाखवले.

कॅसिनोत पत्ते वाटण्यात जन्म गेलेल्या बाईचे हात ते. टेबल सोडताना टाळी वाजवून वरच्या कॅमेऱ्याला रिकामे तळवे दाखवायचे, नाहीतर नोकरी जाते. डोळे रडत होते; हातांनी आपली पाळी संपवली.

कोरिन पांढरीफटक पडली. "टाळी वाजवलीत तुम्ही?"

मार्व्हा गडबडली. सवय गं पोरी, म्हणाली, टेबल सोडताना दाखवावं लागतं, सोबत काही नेत नाही म्हणून. या गावात कुणालाही ते पटलं असतं. कोरिन या गावची नव्हती.

"माझे बाबा म्हणजे तुमचं टेबल नव्हतं. आणि काही न्यायचं नाही ना? मग नेऊ नका."

मार्व्हानं हात जोडायचेच बाकी ठेवले. कोरिननं देह नेब्रास्काला न्यायच्या कागदावर सही केली. शवपेटी सकाळच्या विमानानं बर्फाकडे गेली.

मार्व्हानं कॅसिनोत रजा मागितली. साहेब भला माणूस. त्यानं नियम दोनदा वाचला. रजा नवरा गेला तर होती.

संध्याकाळी ती टेबलामागे उभी राहिली. समोर नवी टोपी घातलेला एक पाहुणा बसला होता. "मावशी, जरा हसा की. तुमच्या तोंडाकडे बघून माझं नशीब पळून जाईल."

मार्व्हा हसली आणि त्याला पत्ते वाटले.