हनुवटीखालची तबकडी

"सरक रे, व्हिन्सेंट. का फादरांच्या प्रवचनाने झोप लागली?"

आग्नेल खालच्या आवाजात हसला. व्हिन्सेंटने गुडघे एका बाजूला घेतले. आग्नेल, त्याची बायको, सून, मग भिंतीकडची एमिली, अशी एकेक जण त्याला घासून बाहेर पडली आणि कम्युनियनच्या रांगेला लागली. शेवटच्या बाकावर तो एकटा उरला. हा तिसरा रविवार.

बसून राहण्याचा अर्थ वटार गावात सगळ्यांना ठाऊक होता. मनावर मोठं पाप असलेला माणूस फादरांकडे कबुली दिल्याशिवाय कम्युनियन घेत नाही. आणि व्हिन्सेंट तर बावीस वर्षं रांगेच्या टोकाला उभा राहिलेला. कम्युनियन देताना फादर जिभेवर ओस्ती ठेवत, तेव्हा ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या त्या पातळ चकतीचा कणही खाली पडू नये म्हणून हनुवटीखाली पितळी तबकडी धरायची, हे त्याचं काम. आठवडाभर वसईच्या पोस्टात टपाल लावायचं, रविवारी तबकडी. गावातली प्रत्येक जीभ त्याच्या ओळखीची होती. कोण आलं नाही, हेही त्याला कळायचं.

त्र्याऐंशीच्या जूनपासून तो दर तीन आठवड्यांनी परळला कॅन्सरचं इंजेक्शन घ्यायला जात होता. मानेतल्या गाठी उतरल्या. केस गेले. रस्त्यात टोपी चालायची, चर्चच्या दारात ती काढावी लागायची. तेही त्याने सोसलं. पण ऑगस्टमध्ये एकदा मिस्सेची प्रार्थना संपताच तो मागच्या विहिरीकडे धावला आणि ओकला. त्यात ओस्ती होती. फादरांनी स्वतः वाकून ते रुमालाने टिपून घेतलं. पाहिलं ते फक्त त्याच्या बायकोने, कार्मिनने.

"घरी आणून देतो," फादर म्हणाले.

व्हिन्सेंट नको म्हणाला. फादर ओस्ती घेऊन घरी आले की माणूस आता जाणार असं समजून शेजारचे मेणबत्त्या शोधू लागतात. त्याने तबकडी दुसऱ्याला दिली आणि शेवटच्या बाकावर येऊन बसला.

"सरळ सांगून टाका ना, ओकारी येते म्हणून," कार्मिन त्या तिसऱ्या रविवारी दुपारी पेज वाढताना म्हणाली. "लोक काय बोलतात ते ऐकलंत? एवढा आजारी माणूस कबुली देत नाही, म्हणजे पाप केवढं! नालासोपाऱ्याला तुमची बाई आहे म्हणे."

"ह्या अंगाने?" तो हसला. मग हसायचा थांबला.

चौदा वर्षांपूर्वी तो पानाच्या गादीवर आग्नेलला सहज म्हणाला होता, "एमिली पाच रविवार बसूनच आहे." एवढंच. आठ दिवसांत गावाने तिला एक बस कंडक्टर जोडून दिला. महिन्याभरात विरारचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे कळलं, तिला कावीळ झाली होती, पोटात काही ठरत नव्हतं. एमिली आता मुलींना शिवण शिकवायची. एकटी राहायची. पाच रविवार हा आकडा बरोबर होता, असं व्हिन्सेंट आजवर स्वतःला सांगत आला होता.

पुढच्या रविवारी तो मुद्दाम भिंतीकडे, एमिलीच्या शेजारी बसला. दानाची थाळी फिरत होती.

"एमिली, त्या वेळी मी..."

"पोटात काय राहत नाही ना, अंकल?" तिने समोर बघतच विचारलं.

त्याने मान डोलावली.

"वाटलंच. मलाही पाणी प्यायची भीती वाटायची. मग ही तर ओस्ती."

"ते गावात... माझ्याच तोंडून गेलं."

"माहीत आहे. तबकडी तुमच्या हातात होती. दुसरं कोण मोजणार?"

कार्मिन पुढच्या बाकावर होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. घंटा वाजली. आग्नेलच्या घरचे उठले. व्हिन्सेंटने गुडघे एका बाजूला घेतले आणि एमिलीला वाट करून दिली.

ती उठली नाही.

"काय गं, तूपण?" आग्नेलने वळून विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," एमिली म्हणाली आणि मांडीवरचा पदर नीट केला.

पुढे एकेक हनुवटी वर होत होती, तबकडी सरकत होती. रांगेतून माना मागे वळत होत्या. आता बाकावर दोघं होती. एमिली सरळ बसली होती. व्हिन्सेंटने वाट देण्यासाठी बाजूला घेतलेले गुडघे, रांग परत येईपर्यंत तसेच होते.