अकरा गड्डे

टर्नर लेकीकडे राहायला आला, त्या दिवशी जावई दारातच म्हणाला होता, "आपलंच घर समजा." टर्नरने ते खरंच मनावर घेतलं.

चौतीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर उभा राहिलेला माणूस, नावही तेच पडलेलं; त्याला रिकामं बसवेना. घरामागे चार खाटा मावतील एवढी जागा होती. तिथे जावयाला मोटरसायकलसाठी पत्र्याची शेड घालायची होती. टर्नरने कुणाला न विचारता ती जागा खणली, शेणखत मिसळलं आणि फूटपट्टी लावून दीड-दीड फुटांवर कोबीची बारा रोपं लावली. जावई ऑफिसातून आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

"आता शेड कुठे घालू? डोक्यावर?" जावई बायकोला म्हणाला, पण मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"भिजली म्हणून मोटरसायकलला काही सर्दी होत नाही," टर्नरने हातातल्या बादलीला सांगितलं.

तेव्हापासून दोघांचं बोलणं लेकीमार्फतच व्हायचं. जावई मुद्दाम मोटरसायकल मागे आणून, धुराचं नळकांडं वाफ्याकडे करून चालू ठेवायचा. एकदा वळवताना त्याने एक रोप चाकाखाली घेतलं. दुसऱ्या दिवशी टर्नरने वाफ्याच्या कडेने विटा अशा उभ्या गाडल्या, की मोटरसायकल आतच येईना. मग तो रोज सकाळी पानं उलटून अळ्या वेचायचा, पाण्याच्या डब्यात टाकायचा. गड्डे धरले, तसा ट्रंकेतून कॅलिपर काढून एकेकाचं माप घेऊ लागला. जावई चहा पिताना खिडकीतून बघायचा आणि "वेड लागलंय" म्हणून कप आपटायचा.

एका मंगळवारी टर्नर डोळे तपासून घरी परतला, तर वाफ्यात अकरा बुंधे. स्वच्छ, एका घावात कापलेले. गड्डा एकही नाही.

"ऑफिसात नेलेत," लेक वर न बघता म्हणाली. "साहेबांना द्यायला. यांच्या बढतीचं चाललंय."

टर्नरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दोन पिशव्या उचलल्या आणि बस पकडली.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. साहेबांच्या केबिनमध्ये, फायलींच्या कपाटाशेजारी वर्तमानपत्रावर नऊ गड्डे मांडून ठेवले होते. जावई कसलासा कागद घेऊन टेबलापाशी वाकून उभा होता. सासऱ्याला दारात बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, हे गड्डे चोरीचे आहेत," टर्नर म्हणाला. "वाफा माझा, मेहनत माझी. या गृहस्थांनी मला न विचारता कापून आणलेत."

साहेब आधी गोंधळले, मग हसू दाबत म्हणाले, "अहो, घेऊन जा आजोबा. मला तसाही कोबी पचत नाही."

बाहेर हॉलमध्ये कुणीतरी खिदळलं. टर्नरने नऊही गड्डे भरले. उरलेले दोन टायपिस्टबाईंच्या पिशवीत होते, तेही मागून घेतले. जिना उतरताना त्याला तरुण झाल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन त्याने ओट्यावर सगळे गड्डे मांडले. "बघ, एकही सोडला नाही."

लेकीने हात पुसले. जावयाचा फोन आधीच येऊन गेला होता. "शोभलं तुम्हाला? सगळ्या ऑफिससमोर?"

"त्याने चोरी केली..."

"सुरी मी दिली होती, बाबा."

"काय?" टर्नर म्हणाला.

"मीच म्हटलं, घेऊन जा, बाबा घरी नाहीत तोवर. तीन महिने तुम्हा दोघांच्या मधे माझं भरीत झालंय. वाटलं, कोबी एकदाचा संपला की भांडण संपेल."

"मला विचारायचंस तरी."

"जागा खणताना तुम्ही कुणाला विचारलं होतंत?"

टर्नर जास्तच चिडला. तरातरा खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं. जावई रात्री उशिरा आला आणि न जेवता झोपला.

कोबीला घरात कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी टर्नरने हट्टाने एक गड्डा चिरून स्वतःच भाजी केली, करपवली आणि एकट्याने खाल्ली. बढती दुसऱ्याला मिळाली. तसं जावयाने सांगितलं नाही. विटा उपटून मोटरसायकल बुंध्यांवर आणून उभी केली, त्यावरून टर्नरला समजलं.

दोन आठवड्यांनी स्वयंपाकघरात आंबूस वास सुटला.

"फेका ते आता," लेक म्हणाली. "नाहीतर मी फेकते."

"तू हात लावू नकोस."

पिवळी पडलेली, चिकट पानं पिशवीत भरून, ती छातीशी धरून टर्नरने दोन खेपा केल्या, कोपऱ्यावरच्या कचरापेटीपर्यंत. दुसऱ्या खेपेला जावई फाटकात मोटरसायकल पुसत होता. त्याने ती इंचभरही हलवली नाही. टर्नरनेही बाजूला हो म्हटलं नाही. पिशवी डोक्यावर धरून, पोट आत ओढून तो भिंतीला घासत बाहेर पडला.