हाताची चूक

“एका भोकात एकच मूळ, नुर्तेन. आधीचं बसलंय का ते बोटाला विचार, मगच पुढचं घे.”

सबिहाताईंनी काम शिकवताना सांगितलेलं हे नुर्तेनला आठवलं, तेव्हा जेव्देतकाका टोपी काढून तिच्यासमोर खुर्चीत बसले होते. दोन महिन्यांपूर्वी इस्तंबूलच्या याच दवाखान्यात तिनं त्यांच्या टकलावर केस रोवले होते. आता कपाळाच्या वर वाटाण्याएवढ्या चार गाठी उठल्या होत्या.

काका बोटीवर चहा विकायचे. एरवी तोंडाला खळ नसे. आज आवाज घोगरा झाला होता.

“पोरी, खरं सांग. आमच्या रासिमचं अशाच गाठीनं सुरू झालं होतं. सहा महिन्यांत गेला भाऊ. घरी अजून बोललो नाहीये मी.”

नुर्तेननं मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी एका गाठीला सुई टोचली. चक्क्यासारखं पांढरं घट्ट काहीतरी बाहेर आलं, आणि त्यात गुंडाळी होऊन बसलेला एक केस.

“साधी सिस्ट आहे. गरम पाण्यानं शेका, जाईल. होतं असं कधीकधी,” म्हणत डॉक्टर पुढच्या खोलीत गेले.

तेवढ्यावर भागलं असतं. नुर्तेननं कापसाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“काका, हे आपोआप नाही झालं. रमजान होता. उपास सुटायची वेळ आली होती, म्हणून शेवटची रांग मी घाईनं भरली. बसलेल्या मुळावर दुसरं गेलं, खालचं आत गाडलं गेलं. रोजा माझा आणि भोगलंत तुम्ही.”

काकांनी गाठींवरून बोट फिरवलं.

“म्हणजे हाताची चूक? रक्तातलं काही नाही?”

“नाही.”

“अल्लाशपथ?”

“अल्लाशपथ.”

थोरांचा हात धाकट्यांनी कपाळाला लावायचा, अशी तिथली रीत. काकांनी तिचाच हात धरून आपल्या कपाळाला लावला. ती ओशाळून ओढून घेऊ लागली.

“राहू दे गं! मी कफनाचं माप काढून बसलो होतो, आणि चूक निघाली तुझ्या या एवढ्याशा बोटांची. भलं होवो त्यांचं!”

“मी काय करू तुमच्यासाठी, काका?”

त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली.

“भीतीपोटी रासिमच्या कबरीकडे फिरकलो नाही मी. मला धड वाचताही येत नाही. एकदा कुराणातलं यासीन वाचशील त्याच्यासाठी? पलीकडच्या किनाऱ्यावरचं कबरस्तान, वरच्या फाटकाशी, सरूच्या झाडाखाली.”

“वाचीन.”

दुपारी सुट्टी झाल्यावर ती बोटीनं पलीकडे उतरली. घराकडची बस समोर उभी होती, ती तिनं जाऊ दिली. कबरीवर शिंपायला नळावर बाटलीत पाणी भरून घेतलं, रुमाल कपाळावर नीट ओढला आणि कबरस्तानाचा चढ चढू लागली.