पंधराशे मीटर

विमान पोचायला चाळीस मिनिटं उरली होती आणि हेर्दिसला पंधराशे मीटरवरचा लाल खांब दिसत नव्हता. हजारावरचा पांढरा दिसत होता, तोही अधूनमधून. समुद्राकडून आलेलं धुकं काळ्या रेतीच्या धावपट्टीवर पसरत चाललं होतं. नॉर्वेच्या यान मायेन बेटावर जुलै असाच जातो.

तिची बॅग जीपमध्ये होती. सकाळी भावाचा, योस्टाइनचा, फोन आला होता.

"डॉक्टर म्हणतात, तीन-चार दिवस. बाबा सारखं तुला विचारतायत."

"धुकं आहे, योस."

"तुमच्याकडे कधी नसतं? तू फक्त विमानात बस."

यानंतरचं विमान पाच आठवड्यांनी होतं.

बेट सोडणाऱ्या हवामान निरीक्षकानेच वैमानिकाला हवामान सांगायचं, अशी इथली रीत. त्याची जागा घेणारा त्याच विमानातून येत असतो, तो उतरेपर्यंत ड्युटी जाणाऱ्याची, म्हणजे आज हेर्दिसची. पंधराशे मीटरपेक्षा कमी दिसत असेल, तर विमान उतरत नाही.

बेटाचा प्रमुख आर्नफिन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. इथे नगरपालिका नाही, मतदार नाहीत, अठरा माणसं आहेत. मुख्य भूमीवरच्या प्रांताधिकाऱ्यांचा कायदा इथे तोच चालवतो. एखाद्याने लाव्ह्याचा दगड खिशात घातला, तर तो परत ठेवायला लावण्याचं कामही त्याचंच.

"रेडिओ दे इकडे," तो म्हणाला. "तू जीपमध्ये जाऊन बस."

"का?"

"माझे डोळे म्हातारे झालेत. मला खांब लवकर दिसतात."

ती हसली नाही. तोही नाही.

"पंधराशे म्हणायला काय जातंय?" तो हळूच म्हणाला. "वैमानिक खाली येऊन स्वतःच बघेल. नाही दिसलं तर परत वर जाईल."

"खाली येईल तो माझ्या पंधराशेच्या भरवशावर."

"माझ्या."

"आकडा माझ्या नावाने जातो, आर्नफिन."

दुसऱ्या महायुद्धात धुक्यात आपटलेल्या विमानांचे सांगाडे अजून बेटावरच्या डोंगरउतारांवर पडून आहेत. दर उन्हाळ्यात नवी माणसं तिथे फोटो काढतात. आजच्या विमानात अकरा जण होते. हेर्दिसने बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहिला. मग त्या अकरा जणांचा विचार केला. त्यांचे चेहरे तिला माहीत नव्हते. रेडिओ तिने हातातच ठेवला.

"दिसतंय हजार मीटर," तिने कळवलं. "ढगांचा तळ साठ मीटरवर."

क्षणभर खरखर झाली, मग वैमानिकाचा आवाज आला. "हेर्दिस, आज तूच येणार होतीस ना?"

"हो."

"पुन्हा एकदा बघतेस?"

तिने पाहिलं. घाई न करता, पाच मिनिटं. पांढरा खांबही आता पुसट झाला होता.

"नऊशे."

विमानाचा आवाज डोक्यावर येऊन अर्धा तास घुमत राहिला. दिसलं काहीच नाही. मग इंधनाचा हिशेब करून ते पूर्वेकडे वळलं. जेवणघरात आचाऱ्याने वैमानिकांसाठी वॅफल्स केले होते. तो तिला म्हणाला, "खा गं दोन. तुला शिव्या द्यायला कोणी नाही इथे." तिने एक खाल्ला. त्यावर नेहमी लावतात ते चीज मात्र लावलं नाही.

योस्टाइनला तिने संध्याकाळी सांगितलं.

"पण विमान तर आलं होतं ना वर?"

"आलं होतं. मीच परत पाठवलं."

मग "बरं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन दिवसांनी, दुपारी, त्याचा फोन आला. तो रडून मोकळा झालेला होता, आवाज कोरडा होता.

"त्रास नाही झाला. बाराला गेले."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं," योस्टाइन म्हणाला. "सांगितलं की तू उतरलीस. सामान घेतेयस. आज सकाळी सांगितलं, खाली आलीय, हॉस्पिटलची लिफ्ट बंद आहे, जिन्याने चढतेय. ते दाराकडे बघत होते."

तू असं कसं बोललास, असं हेर्दिसला विचारायचं होतं. आभारही मानायचे होते.

"कितव्या मजल्यावर होते ते?" तिने शेवटी विचारलं.

"चौथ्या."